अडीच तारे

संपादक म्हणाले, चारशे शब्द, सोमवारच्या अंकात,
आणि शेवट फोडू नका.
म्हणून शेवट सोडून बाकीचं.

हा दुसरा भाग. पहिल्यात जे मेले
त्यांना आणायला उरलेले काळात मागं जातात.
महावीर एकूण अकरा. पोस्टरवर सगळे,
गल्लीतल्या गणपतीच्या फ्लेक्सवर
अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार
एकमेकांच्या खांद्यामागून डोकावतात, तसे.
प्रत्येकाच्या वाट्याला एक उडी, एक विनोद, एक आसू.
जी नुसत्या नजरेनं लोखंड वाकवते
तिला या खेपेला जखमी पुरुषांच्या उशाशी बसवलंय.
हे मी लिहिणार आहे, कापलं तरी.

हिंदी खेळ भरला होता. कन्नडचा मिळाला, सहाचा.
बर्फाच्या ग्रहावरचा राजा, नऊ फूट, दाढीत हिमकण,
यंत्राचं दार उघडून म्हणतो, "बर्री, नडीरी, लगू लगू!"
अगदी रविवार पेठेतला कांदेवाला.
थेटर हसलं. मराठी हसले, कन्नड हसले,
घरात एक नि दारात एक बोलणारे जास्तच हसले.

मग काटा उलटा फिरू लागला.
नव्वद. बहात्तर. साठ.
छप्पनवर क्षणभर अडखळला,
आणि मागून कुणीतरी ओरडलं,
"उतरा की हितंच! काम हाय!"
पण ते उतरले नाहीत.
त्यांचं काम डायनोसॉरकडं होतं.

माझ्या शेजारी कल्लाप्पा हुंदरे.
शहापुरातल्या थेटरात एकतीस वर्षं ऑपरेटर,
आता तिथं फरशांचं गोदाम आहे.
पास दोन होते. आणि मी त्यांचं देणं लागत होते.

सत्त्याऐंशी साल. मी नवी, धारदार पेन्सिल.
एक कुत्र्याचा चित्रपट आला होता. मध्यंतरानंतर
कुत्रा गोळी लागून मरतो,
आणि लगेच शेपटी हलवत नदी पोहून येतो.
मी लिहिलं, "काळाची धाडसी मोडतोड."
मालकांनी वाचलं. मालकांना मूळ गोष्ट ठाऊक होती.
कल्लाप्पांचा तीन दिवसांचा पगार कापला.
मला हे कळलं बारा वर्षांनी,
आणि तोवर त्यांच्या घरासमोरून जाताना
मी उगाच कुंद्याचा डबा या हातातून त्या हातात घ्यायला शिकले होते.

चित्रपटातला नियम असा:
मागं जाऊन बघता येतं, हात लावता येत नाही.
तो कोण मोडतो, ते सांगायचं नाही.

परतताना दुसऱ्या गेटला रिक्षा थांबली.
मालगाडी, लोंढ्याकडची, संपता संपेना.
डब्यांच्या खडखडाटात मी सांगून टाकलं.
म्हटलं, मला यंत्र मिळालं तर
तेवढं एक वाक्य खोडून येईन.

ते म्हणाले, "चुकून लावलो म्हणून कोण सांगितलं तुला?
आमची रेणू केबिनात बसलेली.
बाराच्या खेळाला कुत्रं मेलं, ती जेवंना.
तीनला मी आठवं रीळ नवव्याच्या मागनं लावलो की."

"मग जेवली?"

"कुठली! बघितली, बघितली,
आणि म्हणाली, बाबा, हे दुसरं कुत्रं हाय."

शेवटचा डबा गेला. गेट मात्र उघडेना,
उलट बाजूनंही एक गाडी येत होती.
ड्रायव्हरनं इंजिन पुन्हा बंद केलं.

तर समीक्षेचं उरलेलं:
छायांकन चांगलं. लांबी अर्ध्या तासानं जास्त.
मेलेले परत येतात, गळ्यात गळे पडतात,
संगीत वाढतं, पुढच्या रांगेतली बाई रडते.
मी नाही रडले.
ते दुसरे आहेत.

हे वाक्य एका सात वर्षांच्या मुलीचं.
ती आता हुबळीला असते, बँकेत.
माझ्या नावावर छापतेय. यावेळी
पगार कापायचा तर माझा कापा.